बाईंची पिशवी

ऑपरेशन झालेला माणूस आमच्या बाईंच्या तावडीतून कधी सुटला नाही. अपेंडिक्स असो, हर्निया असो, सीझर असो. माणूस हिंडूफिरू लागला आणि बाजाराच्या दिवशी बाईंच्या नजरेला पडला, की संपलं. तब्येतीची चौकशी एका वाक्यात आटपायची आणि मग आवाज खाली आणून म्हणायचं, "टाके दाखवा." बायांनाच नाही, बाप्यांनाही. आमच्या शाळेचे शिपाईमामा हर्नियाचं ऑपरेशन करून आले, तेव्हा बाई समोरून येताना दिसल्या की घंटा द्यायची सोडून पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहायचे. एक दिवस बाईंनी गाठलंच त्यांना. दाखवले नाहीत बिचाऱ्यांनी, पण सदऱ्यावरून बोट फिरवून टाके कुठून निघाले आणि कुठं संपले ते सांगावंच लागलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं, "बराबर हाय," म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

मी तेव्हा आखाडा बाळापूरला नवीनच नोकरीला लागले होते, हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला. बाई भूगोलाच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनीच मला शेजारची खोली मिळवून दिली, त्यामुळं आमच्या दोघींत एकच भिंत होती आणि तीही अर्ध्या विटेची. त्यांच्याकडं फोडणी पडली की मला शिंक यायची, आणि मी शिंकले की त्या तिकडून ओरडून विचारायच्या, वाफ घेतली का म्हणून. मी तशी चटकन तापणारी बाई. सुरुवातीला वाटायचं, काय ही कटकट गळ्यात पडली. पुढं त्या चार दिवस साखऱ्याला गेल्या की मला करमायचं नाही.

बाई जाड होत्या. हे मी चोरून सांगत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. जूनमध्ये नवा वर्ग मिळाला की हजेरीच्या आधी टेबलापुढं येऊन उभ्या राहायच्या, एकदा डावीकडं वळायच्या, एकदा उजवीकडं वळायच्या आणि म्हणायच्या, "मी भूगोल शिकवते, आन मी जाड हाय. दोन्ही आत्ताच पाहून घ्या. उद्यापासून फक्त फळ्याकडं पाहायचं." पोरं हसायची, त्याही हसायच्या, आणि मग वर्षभर कुणी त्यांना चिडवत नसे. एसटीत चढल्या की कंडक्टरला म्हणायच्या, एक फुल माझं आन एक हाफ पोटाचं. लग्न केलं नव्हतं. काहून नाही केलं, असं कुणी विचारलं तर सांगायच्या की पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि पोह्यांचीच तारीफ करून जायचे. आणि पोहे खरंच चांगले व्हायचे, हेही वर सांगायच्या.

पोटाविषयी त्या घरातल्या एखाद्या तापट म्हाताऱ्याविषयी बोलावं तशा बोलायच्या. त्याला आज वांगं चालंना. त्याचं सकाळपासून बिनसलंय, मी काही त्याच्याशी बोलत न्हाई. नवीन आलेल्या इंग्रजीच्या सरांनी तर एकदा आदबीनं विचारलं होतं, की बाई, त्यांचं वय काय असेल. स्टाफरूममध्ये आम्ही हसून हसून बेजार झालो, आणि सर बिचारे पुढचे आठ दिवस कुणाच्या अध्यातमध्यात पडले नाहीत.

मग बाईंना शुगर निघाली. गावातल्या डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलं आणि वर म्हणाला, पण बाई, तुमच्यानं काही ते होणार नाही. हा डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. घरी आल्या त्या धुसफुसतच. "माझ्या हातून नापास होता होता वाचलेलं पोरगं मला सांगतं, होणार न्हाई म्हणून." दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आधी नांदेड रोडला फिरणं सुरू. हातात कुत्र्यांसाठी काठी, डोक्याला मफलर. गोड चहा बंद, भात बंद, दोन्ही वेळेला एकेक भाकर आणि पालेभाजी. आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण बाई मागं हटल्या नाहीत. वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि बाई अर्ध्या झाल्या. ब्लाउज आतून टिपून टिपून इतके आत आले की शिलाईवर शिलाई दिसायची. तो डॉक्टर रस्त्यात भेटला की बाई मुद्दाम थांबून त्याला पाठमोरं वळून दाखवायच्या.

सगळं गाव कौतुक करत होतं. पण बाईंची खरी तकलीफ तिथून सुरू झाली, आणि ती कुणाला दिसत नव्हती. एप्रिलातल्या एका दुपारी त्यांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. गेले तर पदर बाजूला टाकून खाटेवर बसलेल्या. आतलं मांस झडलं होतं, पण इतक्या वर्षांची ताणलेली कातडी कुठं जाणार? ती सगळी कमरेखाली मांडीपर्यंत लोंबत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी वर उचलून धरली. खाली लाललाल, सोललेलं. आमच्याकडचं ऊन, तो घाम, आणि त्या घडीत हवा म्हणून शिरत नाही. त्या तिथं सुती धुडकं घालून ठेवायच्या, पावडर टाकायच्या, तरी चालताना घासायचंच.

"हे पाहा," म्हणाल्या, "भाडेकरू गेला, आन सामान इथंच टाकून गेला."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी मलम लावून दिलं. पायाला साबण लावायचा तरी आधी ते कातडं एका हातानं वर धरावं लागतं, असं त्या सांगत होत्या. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं पिशवी. म्हाताऱ्याची जागा पिशवीनं घेतली. पिशवी आज चिडलीया. पिशवीला आज सावलीत बसवायचं.

पावसाळ्यात एकदा भाकरी थापता थापता त्यांनी जाहीर केलं की पिशवी काढून टाकायची. मी म्हटलं, व्यायाम करा, योगासनं करा. त्यावर त्यांचं म्हणणं, कातडं व्यायाम करत न्हाई. मग मी मोबाइलवर पाहू लागले. काय काय जाहिराती होत्या, देवा. कुणी पोटाला पट्टा बांधा म्हणत होतं, कुणी गार मशीन लावून चरबी मारतो म्हणत होतं, कुणी नळीनं ओढून काढतो म्हणत होतं. मी एकेक वाचून दाखवायची आणि बाई हात पिठात तसेच ठेवून ऐकायच्या. शेवटी म्हणाल्या, जाहिरातीवर जाऊन गावाला पोचता येत नाही, विचारतच जावं लागतं. आणि आम्ही नांदेडची गाडी धरली. मला सोबत काहून घेतलं तेही सांगून टाकलं: डॉक्टर इंग्रजी बोलला तर मराठीच्या बाईचा काही उपयोग नाही, पण गाडीत बोलायला कुणीतरी पाहिजे.

डॉक्टर तरुण होता, प्लास्टिक सर्जन, आणि देवानं त्याला सबुरी भरपूर दिली होती. ती लागणारच होती. त्यानं कागदावर पोट काढलं आणि समजवायला लागला, तर बाईंनी आधी विचारलं, यात उत्तर दिशा कुठं हाय? त्यानं हसून छातीच्या बाजूला बाण काढला. मग गाडी पुढं सरकली.

त्यानं सांगितलं ते असं. नळीनं चरबी ओढायची ती ज्यांची कातडी अजून घट्ट आहे त्यांची. तुमच्याकडं चरबी थोडी आणि कातडी फार. नुसती चरबी ओढली तर कातडी उलट जास्त लोंबेल. ते गार मशीन बारक्या गोळ्यांसाठी, तुमच्या कामाचं नाही. बेंबीच्या खालची थोडीच कातडी काढायचं एक छोटं ऑपरेशन असतं, तेही तुम्हाला पुरणार नाही. तुम्हाला पूर्णच लागेल. म्हणजे कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर, सैल कातडी काढून टाकायची, पोटाचे स्नायू मधून फाकले असतील तर ते आतून शिवून जवळ आणायचे, आणि वरची कातडी खाली ओढून टाके घालायचे. व्रण कायमचा राहणार. फिकट पडेल, पण पुसला जाणार नाही. काही दिवस वाकून चालावं लागणार, पाणी निघायला नळ्या राहणार, वर पट्टा. पायात रक्ताची गाठ होऊ शकते, जखम चिघळू शकते, तुम्हाला शुगर आहे तेव्हा ती आधी ताब्यात पाहिजे. आणि हे काही वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे. वजन तुम्ही उतरवलंय, आम्ही फक्त मागचं आवरणार. ऐकता ऐकता मी कागदावरची नजर काढून घेतली. बाई मात्र खुर्चीत पुढं सरकून ऐकत होत्या. कातडी ओढल्यावर बेंबी कुठं जाते, हा त्यांना पडलेला मोठा प्रश्न. बेंबी आतून जागेवरच राहते, वरच्या कातडीला तिच्यासाठी नवं भोक पाडतात, असं त्यानं सांगितलं.

"म्हंजे राजधानी तिथंच, नुसता नकाशा खाली सरकवायचा," बाई म्हणाल्या. डॉक्टरला ते फार आवडलं.

मग त्यानं सरळ विचारलं, की हे तुम्हाला काहून करायचंय. बाईंनी घामोळ्याचं, सोलण्याचं, पायाच्या साबणाचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आन मला बरं दिसावं वाटतं." लाजल्या नाहीत, हसल्या नाहीत. त्यानंही नुसती मान हलवली आणि पुढचे प्रश्न विचारले. बीपी? नाही. आधीचं ऑपरेशन? नाही. तंबाखू, बिडी, सिगारेट, गुटखा? "छ्या," बाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कोणी शिवला न्हाई." रक्ताच्या तपासण्या झाल्या, शुगर ठीक निघाली आणि दिवाळीच्या सुट्टीतला दिवस ठरला.

रजेसाठी त्यांनी हेडमास्तरांना जे सांगितलं, तिथंच सगळा घोळ झाला. त्या म्हणाल्या, पिशवी काढायची हाय, दिवाळीनंतर चार दिवस जास्तीचे लागतील. आता आमच्या भागात पिशवी काढणं म्हणजे एकच, गर्भाची. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपासून गावच्या पुढाऱ्याच्या घरापर्यंत कुणाला त्याचं नवल राहिलेलं नाही. हेडमास्तरांनी मान खाली घालून लगेच रजा मंजूर केली आणि काळजी घ्या म्हणाले. संध्याकाळपर्यंत गावभर. बाईंच्या दारात चपलांचा ढीग. कुणी नारळपाणी आणलं, कुणी डिंकाचे लाडू. ज्यांची पिशवी निघाली होती त्या धीर देऊन राहिल्या होत्या, की काही होत नाही, हलकं वाटतं, फक्त जड उचलायचं नाही. बाईंना वाटलं आपल्याच पिशवीविषयी चाललंय. त्या खुशीत विचारत होत्या, तुमची बी लोंबत होती का? तेव्हा समोरची बाई गोंधळून म्हणाली, व्हय, अंग बाहेर येत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते, मला हसू आवरेना, आणि या घोळात कुणी कुणाला काय सांगावं तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच साखऱ्याहून बाईंचा धाकटा भाऊ आला. त्याच्यापर्यंत बातमी जाता जाता पिशवीत गाठ झाली होती आणि गाठीचा कॅन्सर. शेतकरी गडी, पन्नाशीचा, दारातच अक्का अक्का करत रडायला लागला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि खरं काय ते सांगितलं. तो आधी हुश्श झाला. मग त्याला कळेना, की दुखणं नसताना माणूस स्वतःला कापून कसं घेईल. अक्का, तू मेलीस तर मी कोणाकडं पाहू, हे त्याचं खरं भय होतं, आणि ते त्यानं तसंच बोलून दाखवलं. बाईंनी त्याला डॉक्टरचं सगळं समजावलं, बेंबीसकट. दुपारपर्यंत तो राजी झाला, पण एका अटीवर.

"लोकायला पिशवीच सांगू, अक्का. आता समद्यायला तसंच वाटून राहिलंय. पिशवी म्हणलं की कोणी फुडचं इचारत न्हाई. पोट बारीक करून घेतलं म्हणलं, तर शोभा व्हईन."

मला त्याचं पटलं. आयतं पांघरूण मिळालं होतं, आपण होऊन खोटं सांगितलंही नव्हतं, तर काहून ते काढून फेकायचं? मी तसं बोललेही. बाईंनी चहा ठेवला, भावाला बसस्टँडवर सोडून आल्या आणि मग माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ज्याच्यापायी मरायची भीती, ते सांगायची लाज न्हाई. आन ज्यानं बरं वाटणार, ते लपवायचं. हे बराबर हाय का?"

सोमवारी मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझी गर्भाची पिशवी ठणठणीत हाय, लाडू परत मागू नका. मग त्यांनी सगळं सांगितलं. नुसती चरबी का नाही काढायची, असं कुणीतरी विचारलं, तर बाईंनी वसमतच्या बाजारातलं हळदीचं पोतं उदाहरणाला घेतलं. पोत्यातली हळद काढली तर पोतं लहान होतं का? न्हाई, ढिलं पडतं. लहान करायचं तर कापून परत शिवावं लागतं. हे सगळ्यांना कळलं. पण गणिताच्या बाईंना राहवलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, या वयात, लग्न नाही काही नाही, आता कोणाला दाखवायचंय?

"मला," बाई म्हणाल्या. "मी रोज आंघोळ करते."

गणिताच्या बाईंनी त्यांच्या डब्यात आपल्या हातची शेंगदाण्याची चटणी वाढली आणि घंटा झाली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नांदेडला भरती झालो. सकाळी अकराला ऑपरेशन. बाईंना उपाशी ठेवलं होतं. मी बाहेरून चहा पिऊन आले तर खोलीत सिस्टर डोळे विस्फारून उभी आणि बाई खाटेवर मांडी घालून, हातात पत्र्याची डबी, बोटानं निवांत दात घासताहेत. मिसरी. वर्षानुवर्षं रोज सकाळी अर्धा तास हा त्यांचा कार्यक्रम असायचा, भिंतीपलीकडून थुंकण्याचा आवाज ऐकूनच मला जाग यायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सिस्टर मात्र पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आली.

तो म्हणाला, मी तंबाखूचं विचारलं होतं ना? बाई म्हणाल्या, मग, मी कुठं तंबाखू खाते? ही मिसरी हाय. आणि देवाशपथ सांगते, त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडं तंबाखू बाप्ये खातात आणि मिसरी बाया लावतात. माझी आई लावायची, मावशी लावायची, कुणी त्यांना तंबाखूचं व्यसन आहे म्हटलं असतं तर त्यांनी त्याचं थोबाड रंगवलं असतं. मिसरी म्हणजे दात घासणं. ती तंबाखूच भाजून करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी कुणाच्या डोक्यात येत नाही.

डॉक्टरनं ऑपरेशन रद्द केलं. बाई भडकल्या. उपाशी राहा म्हणाले, दात घासू नका असं म्हणाले का? त्यानं शांतपणे समजावलं की तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आकसतात. ओढून शिवलेल्या कातडीला आधीच रक्त कमी मिळतं, ते आणखी कमी झालं तर टाक्यांची कड काळी पडते, कातडी मरते, जखम उघडते. चांगले दीड-दोन महिने मिसरीला शिवायचं नाही, मग पुन्हा तपासू. बाईंचा राग उतरला. मग लहान आवाजात विचारलं, "म्हंजे मी तुमाला खोटं सांगितलं असं झालं का?" तो म्हणाला, नाही बाई, मीच चुकीच्या शब्दानं विचारलं. त्या दिवसापासून तो प्रत्येक पेशंटला मिसरीचं वेगळं विचारतो, हे मला पुढं सिस्टरनं सांगितलं.

जशा गेलो तशा परत आलो. बाईंनी गाडीत बसायच्या आधी डबी माझ्या हातात दिली आणि स्टँडवरच्या कचराकुंडीत टाकून ये म्हणाल्या. स्वतः तोंड फिरवून उभ्या राहिल्या. शाळा उघडल्यावर जो विचारील त्याला त्यांनी स्वतःच सांगितलं, मिसरीपायी परत पाठवलं म्हणून. आणि पुढचे दोन महिने आम्ही काय भोगलं ते आमचं आम्हाला माहीत. बाई चिडखोर झाल्या. नववीच्या अख्ख्या वर्गाला मोसमी वाऱ्यांवरून उभं केलं. लवंग चघळली, बडीशेप चघळली, मीठ लावलं, कडूलिंबाची काडी लावली, आणि प्रत्येक काडीला शिव्या घातल्या. एका सकाळी माझं दार वाजलं. बाई उभ्या होत्या, केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं. पलीकडच्या म्हातारीच्या दारात जाऊन हात पसरला होता, चिमूटभर मिसरी हातावर घेतली होती आणि तशीच मूठ झाकून माझ्याकडं आल्या होत्या. "हात उघडून झटकून टाक," म्हणाल्या, "माझ्यानं उघडंना." मी त्यांची बोटं एकेक सोडवली आणि हात मोरीत धुतला. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी बाई, आणि लेकरासारखी हात पुढं करून उभी. त्या सकाळी मला त्यांची फार फार माया आली.

थंडीत, संक्रांतीनंतर, ऑपरेशन झालं. भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात दिवसभर बसून होता, पाणीसुद्धा प्याला नाही. बाई शुद्धीवर आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना चालवलं, कमरेत वाकवून, आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांना दोन छोट्या थैल्या. एक गेली आणि दोन आल्या, असं त्या कण्हत कण्हतच म्हणाल्या. भाऊ त्या दोन्ही थैल्या हातात धरून त्यांच्या मागून चालत होता. कुणी विचारलं की तो सांगायचा, अक्कानं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं, वाढीव कातडं काढलं. शोभा बिभा सगळं विसरला होता. दुखलं त्यांना, पुष्कळ दुखलं, एका बाजूचा टाका थोडा चिघळलाही, पण भरून आला. गावी आल्यावर जो तो टाके दाखवा म्हणून मागं लागला आणि बाईंनी बायांना दारं लावून हौसेनं दाखवले.

उन्हाळा तोंडावर असताना शेवटच्या तपासणीला आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. डॉक्टरनं व्रण पाहिला, दाबून पाहिला, आणि खूश झाला. पट्टा सुटला होता. बाई आरशापुढं उभ्या राहिल्या. एकदा डावीकडं वळल्या, एकदा उजवीकडं वळल्या आणि म्हणाल्या, "चांगली हाय की मी."

मग डॉक्टरनं जरा चाचरत एक विचारलं. ऑपरेशनच्या आधी पोटाचे फोटो काढलेले असतात, आता आणखी एक काढू. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की दुसऱ्या पेशंटना समजवायला बरं पडतं. तुमची परवानगी असेल तरच. आणि काळजी करू नका, तोंड येणार नाही, मानेपासून वरचं कापून टाकतो, तुम्ही आहात हे कुणाला कळणार नाही.

बाईंनी विचार केला. मी मनात म्हटलं, एवढं तरी बरं आहे, मुंडकं नसलेलं पोट कुणी ओळखणार नाही.

"तोंड काहून कापता?" बाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाला की सगळ्यांचंच कापतो, बदनामी नको म्हणून.

"बिनतोंडाचं पोट पाहून बाई घाबरती, डॉक्टर. तिला वाटतं, हे तोंड लपवायचं काम हाय." त्यांनी पदर खांद्यावरून नीट मागं टाकला. "पोट माझं हाय. तोंड बी माझंच हाय. सगळी मी काढा. आन कोणी नाव इचारलं, तर नाव बी सांगा, गाव बी सांगा. भेटायचं असलं तर बाळापूरला या म्हणावं."

त्यानं पुन्हा विचारलं, नक्की का. बाईंनी नक्की म्हटलं. तो कॅमेरा आणायला उठला, आणि बाईंनी माझ्याकडं हात केला.

"फणी दे गं," म्हणाल्या.